लच्छूने आपले दूध स्वीकारले आहे

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सुरजनं पुण्याहून एक फोटो पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. फोटोत एक फोन होता, फोन धरणारा अंगठा होता, अंगठ्याला शेण लागलेलं होतं, आणि स्क्रीनवर आमच्या कंपनीनं एका दूधसंघासाठी केलेलं अ‍ॅप उघडलेलं होतं. हिरवी पट्टी, वर गाय, खाली मजकूर: लच्छूने आपले सहा लिटर दूध स्वीकारले आहे. फॅट तीन पूर्णांक आठ. लच्छू परिवार आपला आभारी आहे. मी फोटो मोठा करून पाहिला, मग लहान केला, मग फोन टेबलावर पालथा ठेवला, पालथा ठेवल्यानं लच्छू त्यातून गळून पडेल अशा बेतानं. ब्रह्मपुरीतल्या आमच्या घरासमोर धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर उभा होता, त्याचं इंजिन कोणी बंद करत नव्हतं, आणि टेबलावरचा चहा त्या इंजिनाच्या तालावर थरथरत होता. मला वाटली ती भीती नव्हती, निदान आधी नव्हती. ती ओळख होती. त्या दूधसंघाचे साडेचारशे दूधवाले आज पहाटेपासून एकमेकांना विचारत असणार, की आपलं दूध घेणारा हा माणूस कोण. मी मात्र लच्छूच्या मांडीवर बसून मुरमुरे खाल्लेले आहेत.

पुन्हा घेते. तीन वाजता हेच सगळं आमच्या टीमच्या प्रमुख चंचल मॅडमना आणि दूधसंघाच्या साहेबांना सांगायचं आहे, म्हणून नीट घेते. आमचं अ‍ॅप एकच असतं. गिऱ्हाईक बदललं की नाव बदलतं, रंग बदलतो, गाईच्या जागी कोंबडी येते. मजकुरात रिकाम्या जागा सोडलेल्या असतात: ______ने आपले दूध स्वीकारले आहे. अ‍ॅप बांधून तयार होत असताना, ज्याला आम्ही बिल्ड म्हणतो ते चालू असताना, एक छोटा प्रोग्राम मध्येच येतो, रिकाम्या जागा भरतो आणि निघून जातो. त्याला प्लगइन म्हणतात. तो मी लिहिला, एका पॅकेजमध्ये घातला आणि सगळ्या टीमना वाटला. आता अडचण अशी, की हा प्लगइन एका बंद खोलीत काम करतो. त्यानं भलतीकडे हात घालू नये म्हणून तशी सोयच आहे. बिल्ड सुरू करताना तुम्ही बाहेरून सांगितलंत, की बाबा रे, गिऱ्हाईक अमुक, नाव तमुक, तर ते पॅरामीटर दारापर्यंत येतात आणि दारातच बसून राहतात. प्लगइनला ऐकू जात नाही. त्याला फक्त खोलीत पडलेल्या फाइली दिसतात. म्हणून नाव एका फाइलीत लिहून ती आधीच आत ठेवून द्यावी लागते. फाइल नसेल तर प्लगइन थांबत नाही, रडत नाही, विचारत नाही. मी त्याला शिकवून ठेवलं आहे, की काहीच मिळालं नाही तर लच्छू म्हण. सुरजनं बाहेरून सांगितलं. प्लगइन लच्छू म्हणाला. शेवटी हिरव्या अक्षरांत आलं, बिल्ड यशस्वी, आणि हिरवी अक्षरं दिसल्यावर पुढे तपासून पाहणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि इथे ऑगस्ट महिना येतो, जो मला नको आहे. ऑगस्टमध्ये सुरजनं फोन केला होता. तो पुण्याच्या ऑफिसात बसतो, या महिनाअखेर त्याला लागून सहा महिने होतील, तेव्हा ठरायचं आहे की त्याला पक्कं करायचं की घरी पाठवायचं. मुलगा चांगला आहे, प्रश्न विचारण्याआधी दोनदा माफी मागतो. ‘सॉरी ताई, सॉरी, नाव बाहेरून पॅरामीटर म्हणून दिलं तर चालेल ना?’ मी म्हणाले, ‘चालेल.’ त्या वेळी मी अंबाडीची भाजी निवडत होते, हा काही बचाव नाही. चालत नाही हे मला माहीत होतं. त्या बंद खोलीचा कोपरान्‌कोपरा मला पाठ आहे. तरी चालेल म्हणाले, कारण त्याच्या प्रश्नाच्या शेवटी चालेल होतं आणि शेवटी जे असेल ते परत द्यायची मला सवय आहे. येशील ना? येईन. जेवलीस ना? जेवले. (जेवलेली नसते.) पवनला पाहायला आम्ही नागभीडला गेलो, तेव्हा परतताना जीपमध्ये मावशीनं विचारलं, ‘पसंत आहे न वं?’ मी म्हणाले, ‘आहे.’ त्या एका शब्दातून बाहेर पडायला आठ महिने, दोन बैठका आणि पवनच्या मामाचा कायमचा रुसवा एवढं लागलं. पवन वाईट नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी मावशीचं वाक्य पूर्ण केलं होतं.

हा दोष एकटीचा नाही, घराणंच तसं आहे. माझे बाबा, रामाजी, तीस वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांत प्रॉम्प्टर. दिवाळी झाली, धान कापून झालं, की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, आणि आमच्याकडे नाटकाची तालीम करत बसत नाहीत. वेळ कोणाला आहे? आज धानोऱ्याकडे, उद्या मार्कंड्याकडे, नायक काल आलेला, नायिका आज येते आहे. म्हणून प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात, लोकांना डोकं दिसणार नाही असे, बाबा बसायचे, मांडीवर वही, आणि सगळ्यांची सगळी वाक्यं एका सुरात, खालच्या आवाजात सोडत जायचे. वरची माणसं ती उचलून गर्जायची, रडायची, प्राण सोडायची. मी लहानपणी त्या खड्ड्यात बसून पाहिलं, की शब्द आधी बाबांच्या तोंडून निघतो आणि दोन क्षणांनी मुकुट घातलेल्या माणसाच्या तोंडात उगवतो. मला वाटे, माणसं अशीच बोलतात. प्रत्येकाच्या पायाशी खड्डा असतो, त्यात कोणीतरी बसलेलं असतं. एकदा नागपूरहून आणलेला एक नायक मेलेल्या आईच्या अंगावर कोसळला होता, आणि नेमका त्याच वेळी बाबांपाशी चहावाला आला. बाबा त्याला म्हणाले, ‘साखर कमी टाक गा.’ नायकानं हंबरडा फोडला: ‘आई! साखर कमी टाक गा!’ बायका पदराला डोळे पुसू लागल्या. आमच्या मागची एक बाई शेजारणीला म्हणाली, ‘मायच्या हातचा चहा आठवला असन त्याले.’

वहीत रिकाम्या जागा असायच्या. ज्या गावी प्रयोग, तिथलं मंडळ दुपारी चिठ्ठी आणून द्यायचं: जमीनदाराला अमुक नाव द्या, खलनायकाला आमच्या गावात नसलेलं नाव द्या, मंडपवाल्या भाऊंचा उल्लेख कोर्टाच्या प्रवेशात करा, हिरो मारू नका, मागच्या साली मेला होता. बाबा कडुलिंबाखाली बसून पेन्सिलीनं ही सगळी भरती करायचे, जीभ दातांत धरून. धानोऱ्याकडच्या एका गावात चिठ्ठी आलीच नाही. मंडळात दोन गट होते आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं दिली. पहिल्या प्रवेशात जमीनदाराच्या नावाची जागा आली. बाबांनी मान वर केली, तर विंगेत विनोदी कामं करणारा लच्छू उभा. बाबा म्हणाले, लच्छू. मग रिकाम्या जागा येतच गेल्या. पाटील लच्छू, जज्ज लच्छू, नायिकेचा जत्रेत हरवलेला भाऊ लच्छू. लोकांनी शेवटी कडाडून टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हेच रहस्य आहे. तेव्हापासून बाबांच्या नाटक कंपनीत रिकाम्या जागेचं नाव लच्छू. प्लगइन लिहिताना त्या ओळीवर आले तेव्हा मला विचारसुद्धा करावा लागला नाही, बोटांनी आपण होऊन लिहिलं.

(बाबा आत येतात. बोलत नाहीत.)

बोलत नाहीत, कारण डॉक्टरांनी पंधरा दिवस बंदी केली आहे. गळ्यात बारीक गाठ आहे, साधीच, पण आवाजाला पूर्ण विश्रांती हवी. आणि कुजबुज तर मुळीच करू नका, म्हणाले, तिनं जास्त ताण येतो. तीस वर्षं कुजबुजून घर चालवलेल्या माणसाला हे सांगितलं. आज नववा दिवस. बाबा जुन्या नाटकांच्या गुलाबी जाहिरातींच्या पाठकोऱ्या बाजूवर चिठ्ठ्या लिहितात, आणि त्यांना चिठ्ठी लिहिता येते ती एकाच पद्धतीनं. कालची चिठ्ठी अशी होती:

सत्यशीला: (प्रेमाने) आपण चहा घेता काय?
रामाजी: हो.

सत्यशीला म्हणजे माझी आई. अंगणवाडी सेविका आहे, रोज तीस लेकरांना एका आवाजात बसवते. तिनं चिठ्ठी हात लांब करून वाचली. ‘प्रेमानं म्हने! तुमचं तुमी लिवा, माह्यं माह्यावर सोडा.’ पण चहा दिला. हे नऊ दिवस मी पाहते आहे, चिठ्ठीत लिहिलेलं सगळं घरात घडतं. मला आलेल्या चिठ्ठीत होतं, संघप्रिया: बाबा, मी तुमचा मोबाइल चार्जिंगला लावू का? मी लावला. लावून झाल्यावर कळलं की मी विचारलं नव्हतं.

अकरा वाजता चंचल मॅडमचा फोन. पुण्यात मी प्रिया आहे. नावातला संघ तिथे पहिल्याच आठवड्यात गळून पडला, मीही उचलायला गेले नाही. ‘प्रिया,’ मॅडम म्हणाल्या, ‘दूधसंघ भयंकर चिडलाय. एका शेतकऱ्यानं चक्क पोलिसांना विचारलंय, लच्छू कोण. तीनला कॉल आहे. मला फक्त एवढं स्वच्छ यायला हवंय, की पॅकेजमध्ये दोष नव्हता, वापरणाऱ्यानं चुकीचं वापरलं. सुरजनं तुला काही विचारलं नव्हतं ना?’ तेवढ्यात त्यांचा दुसरा फोन वाजला, त्या तीनला बोलू म्हणाल्या आणि गेल्या. माझी जीभ दातांमागे टेकलेली होती. न उच्चारायला जिथे टेकते, बरोबर तिथे. मॅडमचा तो दुसरा फोन दहा सेकंद उशिरा वाजला असता तर सुरजचं काम तिथेच संपलं असतं, आणि माझं वाचलं असतं. कारण मला ब्रह्मपुरीहून काम करायची परवानगी आहे ती सहा-सहा महिन्यांची, आणि तिची अट एकच: तिकडे बसल्यामुळे सांगण्या-समजण्यात घोळ झाला असं एकदाही दिसता कामा नये. एक घोळ, की पुणे. पुणे म्हणजे चौघींची खोली, समोरच्या भिंतीवर उघडणारी खिडकी, हिवाळ्यातही न वाळणारे टॉवेल, आणि आठवडाभर प्रिया. तीन वर्षं राहिले आहे, वाईट काही झालं नाही, फक्त त्या तीन वर्षांतलं मला माझं एकही वाक्य आठवत नाही. विचारलं होतं म्हणाले तर मी पुण्याला. नव्हतं म्हणाले तर सुरज घरी. त्याचं घर कुठे आहे हेही मला माहीत नाही, ते मी कधी विचारलं नाही. त्यानं विचारलं नाही, मग मी कशी विचारणार.

जेवताना दोघांना सगळं सांगितलं. आई पोळी उलटत म्हणाली, ‘यात विचार का कराचा? खरं सांग अन् जा पुण्याले. बाकीच्या पोरी राह्यतेत न?’ मग तव्याकडे पाहून: ‘जाशीन तं लहान कुकर घेऊन जाजो. मागच्या वेळी नेला नाई तं कच्चाच भात खाल्ला तीन वर्स.’ बाबा काही न लिहिता उठले. हात धुतले. आतल्या खोलीत गेले, आणि तासाभरानं बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गुलाबी कागद होते, तीन.

प्रवेश पहिला आणि शेवटचा. स्थळ: कॉल.
चंचल मॅडम: (मोठेपणाने) बोला संघप्रिया, सुरज यांनी आपणास विचारले होते काय?
संघप्रिया: (पदर सावरून, शांतपणे) नाही, मॅडम.
दूधसंघवाले: (उसळून) मग दोष कोणाचा?
संघप्रिया: (दोन मोजून) ते मी माझ्या तोंडाने कसे सांगू?
सुरज: (खाली मान) चूक माझी आहे. मला क्षमा करा.
चंचल मॅडम: (सद्गदित होऊन) संघप्रिया, आपण ब्रह्मपुरीतच राहा. जन्मभर राहा.
(पडदा)

मी कुर्ता घालते, पदर नाही, हे मला आधी सुचलं. मग कळलं की कागदावर कुठेच खाडाखोड नाही. तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून दाखवणाऱ्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः प्रवेश लिहिला आणि त्यात मला घरी ठेवून घेतलं. मला ते कागद फाडावेसे वाटले आणि घडी करून उशाखाली ठेवावेसे वाटले, दोन्ही एकाच वेळी, आणि मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही, फक्त विचारलं, ‘बाबा, मंग सुरजचं का होते?’ त्यांनी लिहिलं, रामाजी: (हसून) तरुण आहे. दुसरी कंपनी भेटेल. झाडीपट्टीत तसंच असतं खरं. ज्याचं काम संपलं तो तोंडाचा रंग पुसतो आणि पुढे जाऊन प्रेक्षकांत बसतो. मी म्हणाले, ‘मंग मले नाई भेटत का दुसरी?’ बाबांनी कागद ओढला. रामाजी, असं लिहिलं. पुढे दोन टिंबं दिली. मग पेन्सिल तिथेच धरून बसले. मी वाट पाहिली, आईनं सगळी भांडी घासून पालथी घातली, ट्रॅक्टरवाला आला आणि इंजिन बंद करण्याऐवजी ट्रॅक्टर घेऊनच गेला, घर एकदम ऐकू येऊ लागलं. दोन टिंबांपुढे काही आलं नाही.

तीनला पाच कमी असताना बाबा जागेवर येऊन बसले. जागा म्हणजे माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूचा प्लास्टिकचं स्टूल, कॅमेऱ्यात न येणारं. ही व्यवस्था जुनी आहे. या नोकरीची मुलाखत मी इथूनच दिली होती, इंग्रजीत, आणि बाबांना इंग्रजी येत नाही, तरी ते त्या स्टुलावर बसून मला सोडत होते: हळू. आता हस. पानी पी. थांब, त्याले बोलू दे. आता मोठ्यानं. मुलाखत घेणारा नंतर म्हणाला होता, तुमच्या बोलण्यात ठहराव आहे. तो ठहराव स्टुलावर बसला होता. तेव्हापासून इथून केलेल्या प्रत्येक मोठ्या कॉलला ते असतात, मीही कधी नको म्हणाले नाही. नको म्हणायचं, तर कोणीतरी आधी नको ना असं विचारायला हवं होतं. आता त्यांच्या मांडीवर तीन गुलाबी कागद होते, पहिल्या कागदावरचं एक वाक्य त्यांनी पेन्सिलीनं पुन्हा पुन्हा गिरवून जाड केलं होतं, लांबून दिसावं म्हणून.

(कॉल सुरू होतो.)

चंचल मॅडम एका चौकोनात. सुरज एका चौकोनात, आंघोळ करून आलेला, केस चापून बसवलेले, पक्कं करायच्या मुलाखतीला यावं तसा. दूधसंघाचे साहेब एका चौकोनात, मागे मोठं कॅलेंडर, त्यावर गाय. चौथ्या चौकोनात मी, आणि माझ्या चौकोनाच्या डाव्या कडेबाहेर, अर्ध्या हातावर, बाबा. मॅडमनी सुरुवात केली, पण साहेबांनी हात वर केला. ‘ते राहू द्या. आधी मला सांगा, लच्छू कोण?’

हे प्रवेशात नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी घाईघाईनं दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

‘ते... रिकाम्या जागेचं नाव आहे, सर,’ मी म्हणाले.

‘रिकाम्या? बाई, बावन्न वर्षं झाली संघाला. आमची जागा रिकामी नाही.’

‘सर, सर,’ मॅडम मध्ये पडल्या, ‘प्रिया सगळं सांगेल. हे पॅकेज तिनंच केलंय. पॅकेज बरोबर होतं, वापरताना गडबड झाली. प्रिया, सुरजनं तुला विचारलं नव्हतं ना?’

जीभ टेकली. इथून पुढचं किती वेळात झालं ते मला सांगता येणार नाही, कॉलवर म्हणे सहा सेकंद. मला एवढं दिसलं, की सुरज माझ्याकडे पाहत नव्हता किंवा पाहत होता. कॉलवर माणूस कुठे पाहतो ते कळत नाही, तो स्वतःच्या चौकोनाकडेही पाहत असेल, केस नीट बसलेत का. त्याच्या कॉलरला शिंप्याचा पांढरा दोरा लोंबत होता. त्याला सांगावंसं वाटलं, दोरा आहे. ऑगस्टमध्ये त्यानं विचारलं तेव्हाही मी जर भाजीवरून मान वर केली असती, तर त्याचं वाक्य संपल्यावर माझं सुरू झालं असतं, त्याच्याच शेवटच्या शब्दात उभी राहून मी बोलले नसते. न तयार होता. न म्हणजे काय, निम्मं वाक्य. बाकीचं आपोआप येतं, मुकुट घातलेल्या माणसाला येतं तसं. बाबांनी पहिला कागद वर धरला. नाही, मॅडम. मी तो वाचला आणि बोलले नाही.

नटानं वाक्य उचललं नाही तर प्रॉम्प्टर काय करतो हे मला माहीत आहे. पहिल्यांदा तो तेच वाक्य पुन्हा देतो. बाबांनी कागद हलवला. तरी उचललं नाही तर तो आवाज वाढवतो, कारण त्याला वाटतं की नटाला ऐकू आलं नाही. नट मुद्दाम उचलत नाही हे त्याच्या डोक्यात येऊच शकत नाही, तीस वर्षांत तसं एकदाही झालेलं नसतं. बाबांचं तोंड उघडलं. नऊ दिवस बंद असलेल्या गळ्यातून पत्र्यावरून खाट ओढावी तसा आवाज निघाला: ‘नाही, मॅडम.’ मी समोर बघत राहिले. ‘नाही मॅडम!’ मी बघत राहिले. मग बाबा नाटकातून बाहेरच आले. ‘नाई म्हन न वं! नाई म्हन! काऊन गप बसून राह्यली?’

साहेब खुर्चीत पुढे सरकले. ‘कोण बोललं हे? हाच का तो लच्छू?’

‘नाही सर,’ मी म्हणाले. ‘माझे वडील आहेत. ते चुकीचं सांगून राह्यले.’ आणि मग थांबता येईना, म्हणजे भरभर बोलले असं नाही, उलट एकेक शब्द शोधून आणावा लागत होता, जिना नसलेल्या माळ्यावरून सामान उतरवावं तसा. ‘सुरजनं मले विचारलं होतं. ऑगस्टमधी. बाहेरून नाव दिलं तर चालेल का म्हणून. मी चालते म्हटलं. चालत नाई हे मले माहीत होतं. प्लगइनले बाहेरचं काही ऐकू येत नाई, अन् ऐकू नाई आलं तरी तो काहीतरी बोलतोच, मीच तसं करून ठेवलं. त्याची चूक नाई. माही आहे. आता असं करून देते, की नाव नाई भेटलं तर बिल्ड तिथंच थांबन अन् विचारन. पुढं जाणार नाई.’

बाबांचा श्वास माइकमधून सगळ्यांना जात असणार.

‘कधीपर्यंत?’ साहेबांनी विचारलं.

‘सहापर्यंत.’

‘मग दूधवाल्यांना मी काय सांगू? लच्छू गेला म्हणून?’

‘सांगा, सर.’

‘बरं,’ साहेब म्हणाले आणि त्यांचा चौकोन गेला. सुरज काहीतरी बोलत होता, त्याचा माइक बंद होता, तोंड दोनदा तसंच हललं, सॉरीचं हलतं तसं. चंचल मॅडम चष्मा काढून डोळे चोळत राहिल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ‘प्रिया,’ त्या म्हणाल्या, ‘एक तारखेपासून तू मला ऑफिसमध्ये हवीस.’ या वाक्याच्या शेवटी ना नव्हता, परत देण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणाले, ‘हो मॅडम. आणि माझं नाव संघप्रिया आहे.’ हे का म्हणाले कोण जाणे, त्याचा कशाशी संबंध नव्हता. ‘माहितीये मला,’ मॅडम जरा गोंधळून म्हणाल्या, आणि कॉल संपला. लगेच फोनवर सुरजचा निरोप आला: ताई, रूम बघू का? सॉरी. सॉरी.

(आई दारात येते.) ‘कोन बोललं? तुमी बोलले? मले सैपाकघरात ऐकू आलं. आता मोजा पुन्हा एकपासून, करा पंधरा दिवस.’ बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते तीन कागद मांडीवर ठोकून एकसारखे करत होते, कडा जुळल्या तरी ठोकतच होते. बावीस दिवस होते एक तारखेला. मला वाटलं आता ते लिहितील, मी पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती घेतली नाही.

‘बरी बोलली,’ ते म्हणाले, त्याच पत्र्याच्या आवाजात.

‘बोलू नका तुमी,’ आई म्हणाली.

‘एक मिनिट थांब वं. अर्धं पुनेरी अन् अर्धं आपलं, अशी खिचडी कराले नोको होती. एक काहीतरी धराव. पन मधात थांबली ते चांगलं केलं. तिथी थांबाव लागते.’ गळा साफ करायला गेले, दुखलं, हातानंच नको म्हणाले. डोळे माझ्याकडे नव्हते, बंद झालेल्या स्क्रीनकडे होते. ‘फक्त शेवटाले आवाज पडला तुहा. माही आहे म्हनली न, तिथी. मांगच्या लोकायले ऐकू नसन आलं.’

‘आलं,’ मी म्हणाले.